गावाकडचा माल आणि मोबाईलवरचा बाजार

सचिन, उधना, पांडेसरा, डिंडोली या पट्ट्यातल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी बरीच मूळची खानदेशातली. नोकरी जीआयडीसीत, मुलांची शाळा इथे, घरही आता इथलेच. पण धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांत दोन-चार एकर वावर अजून सातबाऱ्यावर आहे. ते कोणाचा भाऊ कसतो, कोणी बटाईने दिलेले असते. सणावाराला उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरून गावी गेलो की पहिला विषय कापसाच्या भावाचा निघतो. गेल्या काही वर्षांत त्याला दुसरा जोडला गेला आहे: माल ऑनलाइन विकता येतो म्हणतात, ते खरे का?

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. खरे आहे, पण सगळ्या पिकांना सारखे लागू नाही, आणि नुसते अ‍ॅप उतरवून घेतल्याने काही होत नाही. बाजार समिती, सरकार, खासगी कंपन्या, बँका, वाहतूकदार आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपन्या यांनी एकमेकांशी जुळवून घेतले, तिथे शेतकऱ्याच्या पदरात काही पडले. जिथे जुळले नाही, तिथे जुनाच लिलाव नव्या पडद्यावर चढला, एवढेच.

जुनी पद्धत का टिकली

नव्याचे कौतुक करण्याआधी जुने का टिकले ते पाहू. कापसाच्या दोन वाटा आपल्याला ठाऊक आहेत. एक खेडा खरेदी. व्यापारी काटा घेऊन गावात येतो, दारात माल मोजतो, रोख देतो. दुसरी वाट म्हणजे गाडी भरून बाजार समितीत किंवा जिनिंगवर नेणे. खेडा खरेदीत गाडीभाडे वाचते आणि पैसा लगेच हातात येतो. भाव मात्र समोरचा सांगेल तो, आणि काट्यावर शंका घ्यायची तर मोठीच हिंमत लागते. बाजार समितीत लिलाव होतो, पण दिवसभर थांबायचे, हमाली-तोलाई द्यायची, आणि भाव पडला म्हणून भरलेली गाडी परत आणणे कोणालाच परवडत नाही.

आणखी एक गोष्ट शहरातली मंडळी विसरतात. अडत्या किंवा गावचा व्यापारी नुसता माल घेत नाही, तो उचलही देतो. पेरणीला, आजारपणाला, लग्नाला पैसे त्याच्याकडूनच येतात, आणि माल निघाला की त्यालाच द्यावा लागतो. अ‍ॅप उचल देत नाही. ऑनलाइन बाजाराबद्दलची अनेक भाषणे या एका मुद्द्यापाशी लटकी पडतात, असे आम्हाला वाटते.

आधी एक कंपनी उतरली

आपल्या देशात शेतमालाच्या इलेक्ट्रॉनिक व्यापाराचे जे सुरुवातीचे मोठे प्रयत्न झाले, त्यांत आयटीसी कंपनीचे ई-चौपाल ठळक आहे. जून २००० मध्ये मध्य प्रदेशातल्या सोयाबीन उत्पादकांपासून ते सुरू झाले. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला. त्या शेतकऱ्याला ‘संचालक’ म्हणत. वीज टिकत नसे म्हणून सौर पट्ट्या लावल्या, फोनच्या तारेवर भरवसा नव्हता म्हणून उपग्रहाची छत्री बसवली. कंपनी कोणत्या भावाने घेणार हे शेतकऱ्याला घर सोडण्याआधीच कळे. पटले तर माल कंपनीच्या केंद्रावर न्यायचा, तिथे इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन व्हायचे आणि पैसे मिळायचे. नाही पटले तर मंडीचा रस्ता मोकळाच होता. पुढे हे जाळे महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या हजारो गावांत पोहोचले.

यातली खरी नवलाई संगणकाची नव्हती. भाव आधी कळला आणि वजन डोळ्यांसमोर झाले, म्हणून लोक गेले. मर्यादाही तिथेच होती. खरेदीदार एकच, आणि त्याला हवे तेच पीक. कंपनीचा कारखाना सोयाबीनचा असेल तर आपल्या मिरचीला तिथे कोण विचारणार?

मग सरकारने बाजार समित्या जोडल्या

अनेक खरेदीदार एकाच पडद्यावर यावेत, ही पुढची कल्पना. कर्नाटकाने ती आधी करून पाहिली. तिथल्या सरकारने एनसीडीईएक्सच्या हजर बाजाराच्या कंपनीबरोबर भागीदारीत वेगळी कंपनी काढली आणि राज्यातल्या बाजार समित्या संगणकाने जोडायला घेतल्या. त्या अनुभवावरून केंद्राने राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम आणले. १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतल्या २१ बाजार समित्यांनी सुरुवात झाली आणि मे २०२० पर्यंत हा आकडा १,००० वर गेला. महाराष्ट्रातल्या शंभराहून अधिक बाजार समित्या त्यात आहेत. चालवण्याची जबाबदारी लघु कृषक कृषी व्यापार संघाकडे आहे आणि संगणकप्रणाली उभी करण्याचे काम सुरुवातीला नागार्जुन फर्टिलायझर्स या खासगी कंपनीने केले. म्हणजे नाव सरकारी असले तरी आतली यंत्रणा पहिल्या दिवसापासून भागीदारीतूनच उभी राहिली.

माल ई-नामच्या बाजार समितीत गेला की फाटकावर नोंद होते आणि त्या ढिगाला क्रमांक मिळतो. मग नमुना काढून तपासणी होते: ओलावा किती, काडीकचरा किती, दाणा किंवा धागा कसा. ते आकडे पडद्यावर येतात. परवानाधारक व्यापारी ठरलेल्या वेळेत बोली लावतात आणि एकमेकांची बोली कोणाला दिसत नाही. सर्वांत वरची बोली शेतकऱ्याने मान्य केली तर वजन, मग करार, मग पैसे थेट बँक खात्यात. बोली पटली नाही तर नाकारायचा हक्क शेतकऱ्याला आहे.

कागदावर हे उत्तम आहे. यात राज्यांनी तीन गोष्टी आधी करायच्या होत्या: राज्यभर चालणारा एकच व्यापारी परवाना, बाजार शुल्क एकदाच, आणि इलेक्ट्रॉनिक लिलावाला कायद्यात जागा. त्या बऱ्याच ठिकाणी झाल्या. तरीही अनेक बाजार समित्यांत लिलाव तोंडीच होतो आणि आकडे नंतर संगणकात भरले जातात. २०१९ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बरेली आणि उत्तराखंडातल्या हल्द्वानी यांच्यात टोमॅटोचा आंतरराज्य व्यवहार ई-नामवर झाला, तेव्हा त्याची बातमी झाली. शेजारच्या राज्यातल्या व्यापाऱ्याने टोमॅटो घेणे ही बातमी व्हावी, यातच किती अंतर बाकी होते ते दिसते.

अडचण संगणकाची नाही, तपासणीची आहे. सुरतेचा व्यापारी दोंडाईच्याच्या मिरचीला न पाहता बोली कधी लावेल? पडद्यावरचा आकडा खरा आहे असा त्याला भरवसा वाटेल तेव्हाच. इथे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. आपल्या घरी येणारे सुमूलचे दूध १९५१ पासूनच्या सहकारी संघाचे. गावच्या दूध मंडळीत शेतकऱ्यासमोर फॅट मोजतात, त्यावर दर ठरतो, पैसे ठरल्या दिवशी मिळतात. कोणी दूध चाखून भाव करत नाही. फॅटच्या यंत्राने जे दुधासाठी केले, ते मिरची-कापसासाठी करणारी प्रयोगशाळा प्रत्येक बाजार समितीत हवी. ती नसेल, किंवा असून बंद असेल, तर ऑनलाइन हा शब्द पाटीपुरताच उरतो.

खासगी कंपन्यांची गरज इथे लागते. तपासणी, गोदाम, गाडी, विमा, मालावर कर्ज ही कामे एकट्या बाजार समितीच्या आवाक्यातली नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, ई-नामला तीन जोड दिल्या गेल्या: नोंदणीकृत गोदामातला माल तिथूनच विकण्याची सोय, शेतकरी उत्पादक कंपनीला स्वतःच्या केंद्रावरून माल विकण्याची सोय, आणि मालवाहू गाड्या मिळवून देणाऱ्या कंपन्यांशी जोडणी. जुलै २०२२ मध्ये त्याहून पुढे जाऊन तपासणी, साठवण, वाहतूक, पतपुरवठा देणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे मंच ई-नामशी जोडण्याचे काम सुरू झाले. गोदामाची जोड आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. माल नोंदणीकृत गोदामात ठेवला की इलेक्ट्रॉनिक पावती मिळते आणि तिच्यावर बँक कर्ज देते. महाराष्ट्र कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तर १९९० पासूनची आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. वर म्हटलेल्या उचलीला काही पर्याय असेल तर तो हा आहे.

तीन पिके, तीन तऱ्हा

आपल्या भागातली तीन पिके घेतली की सगळ्यांना एकच उपाय का चालत नाही ते कळते.

कापूस ऑनलाइन व्यवहाराला त्यातल्या त्यात सोयीचा. ओलावा यंत्राने मोजता येतो, धाग्याची लांबी ठरवता येते, माल टिकतो. भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते, आणि त्याहून ओला कापूस घेत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये ठरला. त्याच हंगामापासून सीसीआयने ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आणि खरेदी केंद्रावर जाण्याची तारीख घेण्याची पद्धत आणली. रांगेत ट्रॅक्टर उभा करून रात्र काढण्यापेक्षा हे बरेच, पण नोंदणीला आधार आणि कापसाची नोंद असलेला जमिनीचा उतारा लागतो. त्यावर पुढे येऊ.

मिरचीचे वेगळे. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची ओलीच येते आणि व्यापारी ती विकत घेऊन पथाऱ्यांवर वाळवतात. गाडीतून जाताना लाल चादर अंथरल्यासारखे दिसते ते हेच. ओल्या मिरचीत पाणी किती आणि मिरची किती, यावर सगळा वाद असतो. वाळवून, निवडून, प्रत लावून विकली तर ती ऑनलाइन कुठेही जाऊ शकते. पण वाळवायला जागा, मजूर आणि अवकाळी पावसाची जोखीम पेलणारा कोणीतरी लागतो. आज ती जोखीम व्यापारी घेतो, म्हणून नफाही त्याचा.

केळी सगळ्यांत अवघड. रावेर-यावलची केळी बाजार समितीच्या ओट्यावर ओतून लिलाव करायचा माल नाही. व्यापाऱ्याची टोळी बागेत येते, घड कापते, गाडी भरते आणि माल उत्तरेला रवाना होतो. कापणी आज झाली नाही तर घड झाडावरच पिकतो. भावासाठी बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे पाहिले जाते, आणि जाहीर भाव एक, बागेत मिळणारा दुसरा, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. इथे लिलावाचा पडदा कामाचा नाही. इथे उपयोगी पडते ते आधी झालेला करार, पॅकहाउस आणि शीतगृह. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२१ मध्ये तांदलवाडी भागातली मानांकित केळी दुबईला गेली. ती निर्यात फण्या करून, धुऊन, खोक्यांत भरून होते. बागेत उभ्या ट्रकमध्ये घड रचून नव्हे. आशियाई विकास बँकेच्या मदतीने महाराष्ट्रात चालणाऱ्या ‘मॅग्नेट’ प्रकल्पात केळी आणि मिरची ही दोन्ही पिके घेतली आहेत, ती या कापणीनंतरच्या सोयींसाठीच.

एकट्याचा माल कोणी विचारत नाही

दोन एकरांचा माल घेऊन एकटा शेतकरी कोणत्याही पडद्यावर गेला तरी मोठ्या खरेदीदाराला तो दिसत नाही. त्याला एका प्रतीचा ट्रकभर माल हवा असतो. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनी. २००२ मध्ये कंपनी कायद्यात बदल होऊन ही वाट मोकळी झाली. तिचे भागधारक शेतकरीच असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने अशा १०,००० संस्था उभ्या करण्याची योजना जाहीर केली.

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे यातले सगळ्यांना ठाऊक असलेले नाव. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने द्राक्ष निर्यातीपासून सुरू झालेल्या या कंपनीने पुढे टोमॅटो प्रक्रिया, इतर फळे आणि ग्राहकांना थेट माल पोहोचवण्यापर्यंत मजल मारली, आणि २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये गुंतवले. पण सह्याद्रीकडे बोट दाखवून ‘बघा, जमते’ म्हणणे सोपे आहे. तिथे आधी प्रत ठरली, बागेपासून खोक्यापर्यंत प्रत्येक घडाची नोंद ठेवली गेली, युरोपच्या दुकानांचे कडक नियम पाळले गेले. ऑनलाइन विक्री त्यानंतरची. नुसती नोंदणी करून कागदावर राहिलेल्या शेतकरी कंपन्याही थोड्या नाहीत. आपल्या गावात कोणी सभासद व्हायला सांगितले तर एवढे विचारावे: गेल्या वर्षी कंपनीने किती माल विकला, कोणाला, आणि सभासदांना पैसे किती दिवसांत मिळाले?

अशा कंपन्यांसाठी ओएनडीसी हे नवे दार आहे. ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेली ही ना-नफा संस्था स्वतः दुकान चालवत नाही. विकणाऱ्याचे अ‍ॅप वेगळे, घेणाऱ्याचे वेगळे, तरी दोघे एकमेकांना दिसावेत, अशी ही व्यवस्था. मोठ्या खासगी दुकानांचे दर आणि अटी निमूट मान्य करण्यापेक्षा लहान विक्रेत्याला मोकळीक मिळावी, हा हेतू. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ५,००० शेतकरी कंपन्या त्यावर नोंदल्या होत्या. डाळ, मसाले, मध, तांदूळ असा टिकाऊ, पाकीटबंद माल तिथे बरा चालतो. त्यासाठी अन्न परवाना, वजन-किंमत छापलेले पाकीट आणि वेळेवर पाठवणारा माणूस लागतो.

आपण इथे राहून काय पाहायचे

आपली अडचण थोडी निराळी आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचे, कसणारा दुसरा, बँक खाते तिसऱ्याचे. रोखीच्या खेडा खरेदीत हे खपून जाते, इलेक्ट्रॉनिक व्यवहारात खपत नाही. आधार, उतारा आणि खाते यांतली नावे जुळावी लागतात. वडील गेल्यावर वारस नोंद करायची राहून गेलेली घरे आपल्यात बरीच आहेत. ती आधी करून घ्यावी. भावाभावांत बोलायला अवघड विषय आहे, पण हंगामाच्या तोंडावर बोलण्यापेक्षा आता बोललेले बरे.

दुसरे ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर लागू झालेली ही पद्धत महसूल विभागाने टाटा ट्रस्ट्सच्या साथीने उभी केली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करत, आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची. फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, सचिनमध्ये बसून होत नाही. म्हणून जो कसतो त्याच्याकडून ती मुदतीत झाली का, हे फोनवर विचारत राहावे. नोंद नसेल तर उताऱ्यावर कापूस दिसत नाही, आणि उताऱ्यावर कापूस नसेल तर हमीभावाने विकायची वाट बंद होते. शेतकरी ओळख क्रमांकही आता योजनांसाठी मागतात. तो काढला नसेल तर गावी जाल तेव्हा काढून घ्यावा.

बियाणे-औषधे ऑनलाइन मागवणारेही वाढले आहेत. कीटकनाशके ऑनलाइन विकायला २०२२ च्या नियमबदलाने परवानगी मिळाली, पण विकणाऱ्याकडे परवाना हवाच. पक्के बिल आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक जपून ठेवावा. बियाणे उगवले नाही तर तक्रार त्यावरच उभी राहते.

फसवणुकीबद्दल एकच सांगतो. ‘तुमचा सगळा कापूस जास्त भावाने घेतो, आधी नोंदणी शुल्क पाठवा’ किंवा ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

राहिला प्रश्न गावचा माल थेट आपल्या सोसायट्यांत आणण्याचा. नवापूरच्या पुढे सीमा बदलते, पण जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक आहे, आणि खानदेशातून सुरतेला रोज गाड्या येतातच. चार सोसायट्यांनी मिळून महिन्याची तूरडाळ, मिरची, शेंगदाणे गावच्या शेतकरी कंपनीकडून एकत्र मागवले तर त्या कंपनीला ठरलेला ग्राहक मिळेल आणि आपल्याला ओळखीचा माल. सुरुवात टिकाऊ मालापासून करावी, भाजीपासून नको. ऑर्डर आणि पैसे दोन्ही नोंदीत राहतील अशा पद्धतीनेच व्यवहार करावा, नात्यातल्या माणसाशी असला तरी.

ई-नामविषयी काही विचारायचे असेल तर १८०० २७० ०२२४ आणि शेतीच्या कोणत्याही प्रश्नासाठी किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हे क्रमांक विनाशुल्क आहेत. फोन करताना गावाचे आणि तालुक्याचे नाव, पीक आणि बाजार समिती कोणती हे जवळ लिहून ठेवावे.